उजेड विचारायचा राहिला

गुण्या म्हणजे सुताराचं हत्यार. काटकोनात बसवलेल्या दोन पट्ट्या. लाकडाच्या कोपऱ्याला लावायच्या आणि कोपरा खरा की खोटा ते बघायचं. आमच्या गल्लीतल्या सुताराला सगळे गुण्याच म्हणत, आणि ते उगाच नव्हतं. गडी जेवायला बसला तरी आधी ताट टेबलाच्या कडेला सरळ लावायचा, मग घास उचलायचा. बायको म्हणायची, "लग्नाआधी माझ्या नाकाला गुण्या लावून बघितला नाहीत, एवढीच तुमची मेहरबानी."

हात चांगला होता, पण हाताला घाई ठाऊक नव्हती. दुसरे सुतार चार कपाटं उडवायचे तेवढ्या दिवसांत याचं एक. पण ते एक असं, की दार लावलं की आतली हवा फस्स करून बाहेर पडायची आणि दार चौकटीत बसायचं ते डोळ्यावर पापणी बसावी तसं. फट म्हणून नाही. "माझ्या कपाटात धूळसुद्धा विचारून शिरते," असं तो म्हणायचा. बोलायचा फार नाही, पण जे बोलायचा त्यात ऐट असायची.

ही फट शोधायची त्याची एक रीत होती. बापाकडून आलेली. कपाट तयार झालं की ते ओढत ओढत कारखान्याच्या दारात आणायचं, भर उन्हाच्या तोंडावर. आत लेकराला बसवायचं. दारं लावून कडी फिरवायची. आत गच्च काळोख, बाहेर लख्ख ऊन. कुठं केसाएवढी फट असली तरी आतून ती तारेसारखी चमकते. बाहेरून मोठ्या माणसाला सात जन्मांत दिसणार नाही ती. लहानपणी गुण्या स्वतः असाच बापाच्या कपाटांत बसलेला. आता त्याची पाच वर्षांची लेक बसायची. तिला तो खुंटी म्हणायचा, कारण जिथं ठोकाल तिथं घट्ट बसायची.

खुंटीच्या हातात खडू असायचा. नियम दोनच. पहिला, जिथं उजेड दिसेल तिथं खडूची रेघ मारायची. दुसरा, बाबा विचारेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बाबा आधी कपाट होडीसारखं दोन्ही बाजूंनी हलवणार, थोडं कलतं करणार, सांधे कुरकुरतात का ते कान लावून ऐकणार. पोरगी बोलली तर ऐकू कसं येणार? सगळं ऐकून झालं की तो दारावर बोटानं टकटक करायचा आणि विचारायचा, "खुंटे, उजेड?" मग आतून उत्तर यायचं, "नाही," किंवा "आहे, खाली."

या खेळात पोरगी एवढी पक्की झाली होती, की एकदा आत तिच्या पायावर मुंगळा चढला, चावला, तरी तिनं हूं की चूं केलं नाही. बाहेर आल्यावर मग भोकाड पसरलं. गुण्यानं ती गोष्ट सगळ्या गल्लीला सांगितली. बायकोनं ऐकली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लेकरू आहे ते. तुमच्या पेटीतलं हत्यार नव्हे."

बायको शर्टांना काजं करायच्या कारखान्यात जायची. दुपारी पोरगी बापाकडं.

त्या दिवशी कारखान्यात दोन कपाटं तयार होती. एक मास्तरीणबाईंचं, पितळी मुठींचं. ते कालच तपासून झालं होतं आणि चार वाजता टेम्पो येऊन ते नेणार होता. दुसरं औषधाच्या दुकानवाल्याचं, लाकडी मुठींचं, आज तपासायचं. एरवी जायचा माल दाराजवळ असायचा. पण तपासायला ऊन लागतं. म्हणून गुण्यानं मास्तरीणबाईंचं कपाट आत सरकवलं आणि दुसरं दारात आणलं. तीन वाजायला आले होते. अजून तासभर होता.

"बस गं."

खुंटी आत शिरली, गुडघे पोटाशी घेतले, खडू मुठीत धरला. "बाबा, आज होडी जोरात हलव."

"हलवतो. आणि मी विचारेपर्यंत?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. त्यानं दारं लावली. फस्स. कडी फिरवली.

तेवढ्यात मागच्या अंगणातून करपल्याचा वास आला.

मागं स्टोव्हवर डब्यात सरस तापत ठेवला होता. सरस म्हणजे लाकूड चिकटवायची खळ. तो उतू गेला होता, स्टोव्हवर सांडला होता, आणि त्याची जळती धार खाली रंध्याच्या ढलप्यांच्या ढिगात उतरली होती. सुताराच्या अंगणात जाळ म्हणजे काय ते सांगायला नको. बाजूला फळ्यांची चळत, तिच्यामागं पॉलिशचे डबे. गुण्या धावला. गोणपाट ओलं केलं, जाळावर टाकलं, पायानं दाबलं, पुन्हा ओलं केलं. धुरानं डोळ्यांतून पाणी, डाव्या हाताला चटका.

आणि त्याच वेळी पुढून हाळी आली, "ओ मिस्त्री! कपाट न्यायला आलोय!"

डोकं जाळात होतं. तोंड मात्र रोजच्या सवयीनं बोललं. "दाराजवळचं न्या रे! जपून!"

"बरं!"

ढीग पुरता विझवला, स्टोव्ह लाथेनं लांब सारला, फळ्यांवर दोन बादल्या पाणी मारलं. हात नळाखाली धरला. मग तो पुढं आला.

दारात ऊन पडलं होतं. नुसतं ऊन. चौकोनी, मोकळं.

"आले वाटतं वेळेआधीच," असं त्याच्या मनात आलं. खरंच एवढंच आलं. तो आतल्या कपाटाकडं गेला आणि सवयीनं बोटानं टकटक केली.

"खुंटे, उजेड?"

उत्तर नाही.

"ए खुंटे. विचारलं मी आता."

काही नाही. रुसली असेल, वेळ लावला म्हणून. त्यानं दार उघडलं. आत कोऱ्या पॉलिशचा वास होता आणि दुसरं काही नव्हतं. त्यानं वाकून खालच्या खणात बघितलं, जणू पोरगी तेवढ्याशा खणात मावणार होती. मग दार लावताना हाताला मूठ लागली. गार. पितळी.

गुण्यानं मुठीवरचा हात काढला, पुन्हा ठेवला. पितळीच.

दाराजवळचं न्या रे, जपून. ते शब्द त्याला आता ऐकू आले, दुसऱ्याच कुणीतरी म्हटल्यासारखे.

तो रस्त्यावर आला. टेम्पो कधीच गेला होता. टेम्पोवाला त्याच्या ओळखीचा नव्हता, मास्तरीणबाईंनीच ठरवलेला. त्यानं भाजक्या हातानं फोन काढला आणि बाईंना लावला. सात वेळा वाजला.

"बाई, टेम्पोवाल्याचा नंबर द्या."

"कोण? सुतार का? आला का टेम्पो? मी चारची वेळ दिली होती. तुम्हा लोकांना वेळेचं—"

"बाई, नंबर द्या!"

"ओरखडा पाडलात का?"

"बाई!"

"ओरडू नका. चष्मा शोधते." भांडी वाजली, खुर्ची सरकली. मग बाईंनी एकेक आकडा हजेरी घेतल्यासारखा सांगितला. "आता तुम्ही म्हणून दाखवा."

त्यानं म्हणून न दाखवता फोन ठेवला आणि तो नंबर फिरवला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा फिरवला. तेच. पुन्हा बाईंना लावला.

"उचलत नाही तो. सरळ तुमच्याकडं येणार ना?"

"नाही, वाटेत गिरणीजवळच्या गादीवाल्याकडं थांबेल. माझ्या सहा गाद्या भरायच्यात. एका खेपेत दोन्ही कामं, मीच सांगितलं तसं."

"गाद्या कशावर ठेवणार?"

"कपाटावरच की. कपाट आडवं, वर गाद्या. पॉलिशला धक्का लागायला नको म्हणून—"

"बाई, त्या कपाटात माझी लेक आहे."

आयुष्यभर वर्गाला गप्प केलेल्या त्या बाई म्हणाल्या, "पळा."

समोर पंक्चरवाला बसलेला. पोटानं मोठा, तोंडानं त्याहून मोठा. गुण्याला धावत येताना बघून म्हणाला, "काय गुण्या, आज रस्ता तिरका दिसला का काय?" आणि मग त्यानं त्याचं तोंड बघितलं.

"खुंटी कपाटात गेली. टेम्पोत. गिरणीजवळ."

पंक्चरवाल्यानं हातातली ट्यूब पाण्यातच सोडली. बायकोला ओरडून म्हणाला, "खुंटीच्या आईला फोन कर, घरी बोलाव!" आणि स्कूटरला लाथ मारली. "बस. मागच्या चाकात हवा कमी आहे, दोन मिनिटांत भरतो—"

"चल!"

गावभर हवा भरणारा माणूस स्वतः बसक्या चाकावर निघाला. स्कूटर लंगडत होती. मागं बसून गुण्या हिशोब करत होता, कारण त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. उंची सहा फूट, रुंदी तीन, खोली दोन. वरचा खण वजा, खालचा वजा. आत किती हवा बसते ते तो पटकन काढू शकत होता. पाच वर्षांचं लेकरू किती हवा खातं, ते त्याला ठाऊक नव्हतं. जगातली एवढी मापं पाठ, आणि हे माप कधी कुणाला विचारलं नव्हतं.

आणि कडी. कडी बाहेरून फिरते. आतून काहीच नाही. आतून कोण कपाट उघडतं?

ओरडली असेल, तो स्वतःला म्हणत होता. आडवं करताना ओरडली असेल. हमालांना ऐकू गेलं असेल. थांबले असतील. पण त्याला माहीत होतं की ती ओरडली नसणार. कपाट हललं, कलतं झालं, तर तिच्या लेखी होडी सुरू झाली. बाबा हलवतोय. आज म्हणाला तसा जोरात हलवतोय. तिनं ओठ घट्ट मिटले असतील आणि ती वाट बघत असेल, बाबा कधी विचारतो त्याची. मुंगळा चावला तरी न बोलणारी पोरगी. हे त्यानंच तिला शिकवलं होतं, आणि गल्लीभर मिरवलंही होतं.

चौकात शाळा सुटली होती. एक बाई हातात फलक धरून रस्त्याच्या मधोमध उभी, आणि पोरं दोन-दोनच्या जोड्यांनी हात धरून रस्ता ओलांडत होती. सावकाश. एकाची पाण्याची बाटली पडली, ती उचलायला सगळी रांग थांबली.

"अहो बाई, जाऊ द्या!" पंक्चरवाला ओरडला.

"लहान मुलं आहेत, दिसत नाही का?" बाई म्हणाली.

गुण्या जोड्या मोजत होता. एकोणीस. शेवटचं पोरगं एकटं होतं, त्याचा हात त्या बाईनं धरला.

गिरणीच्या कोपऱ्यावर टेम्पो दिसला. उभा. आतून गाणं असं लागलेलं की पत्रा थरथरत होता. मागं गाद्यांचा डोंगर, वरून दोर आवळलेला. दोन हमाल पायरीवर बसून चहा पीत होते. त्यातला जाड्या गुण्याच्या अंगावरचा लाकडाचा भुसा बघून हसला. "या मिस्त्री! काय शिसं भरलंय का हो त्यात? आमची पाठ मोडली की."

गुण्या चाकावर पाय देऊन वर चढला. कमरेची पटाशी काढली, दोर कापला, आणि पहिली गादी रस्त्यात भिरकावली.

"अरे ए!" गादीवाला दुकानातून धावला. "माती! माती लागतेय!"

दुसरी. तिसरी. चौथी गादीवाल्याच्याच अंगावर गेली, तो तिच्यासकट खाली बसला. "वेड लागलं काय याला? धरा रे!" जाड्या हमाल उठला, पण पंक्चरवाल्यानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. चहाचा पेला तसाच हातातून सुटला. दुसऱ्याच क्षणी तो वर चढला होता आणि दोघं मिळून गाद्या फेकत होते.

"गाणं बंद करा!" पंक्चरवाला बोंबलला. "अरे, ते गाणं मरू दे!"

गाणं थांबलं. शेवटची गादी गेली. खाली कपाट, पाठीवर पडलेलं, दारं आभाळाकडं. चकचकीत, एकसंध. फट म्हणून नाही.

गुण्या त्याच्यावर वाकला. हात टकटक करायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. एवढी वर्षं जो प्रश्न विचारायचा, तो तोंडातून निघेना. विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर? त्यानं विचारलं नाही. कडी फिरवली.

दार उघडलं नाही.

गाद्यांच्या वजनानं आणि आवळलेल्या दोरानं चौकट किंचित पिळली होती. आणि दारं एवढी घट्ट बसवलेली, की त्या किंचितनंच ती अडकली. त्यानं मूठ ओढली. मूठ हातात आली.

मग या माणसानं पटाशी दाराच्या कडेत घातली आणि हातोडा नव्हता म्हणून तळहातानं ठोकली. भाजक्याच हातानं. एकदा, दोनदा. लाकूड चिरत गेलं, कडेची ढलपी उडाली, पॉलिश फुटलं. ज्या कडेवर त्यानं तीन दिवस रंधा फिरवला होता, ती कड त्यानं तीन ठोक्यांत फाडली. दार निघालं.

खुंटी आत कुशीवर, पोटाशी गुडघे घेऊन. केस कपाळाला चिकटलेले, तोंड उकडल्यासारखं लाल, फ्रॉक घामानं पिळून काढावा असा. डोळे मिटलेले. खडू मुठीत.

"खुंटे."

ओठ सुटले. एक डोळा किलकिला झाला, उन्हानं पुन्हा मिटला.

"तू विचारलंच नाहीस," ती म्हणाली. आवाज कागद घासल्यासारखा.

गुण्यानं तिला उचललं. ती बापाच्या खांद्यावरून हात लांबवून काहीतरी दाखवत होती. उघड्या दाराच्या आत, वरच्या बिजागरीजवळ, खडूची एक वाकडी रेघ. "तिथून येत होता. होडी हलली तेव्हा. मग गेला." आणि मग, काम पुरं झाल्यावर, बिजागरी निखळल्यासारखं तोंड उघडून तिनं जे भोकाड पसरलं, ते गिरणीतल्या लोकांनी बाहेर येऊन ऐकलं.

जाड्या हमाल खाली पायरीवर बसला होता. "मीच म्हणालो शिसं," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "मीच म्हणालो."

डॉक्टरनं तपासलं, पाणी पाजलं, उघड्यावर ठेवा म्हणाला. परत आले तेव्हा कारखान्याच्या दारात, जिथं कपाट असायचं बरोबर तिथं, खुंटीची आई उभी होती. गळ्यात शर्टांच्या कारखान्यातली मापाची टेप तशीच. तिनं पोरगी काढून घेतली, तिचे हात, पाय, मान, सगळं दाबून बघितलं. नवऱ्याकडं बघितलं नाही. मागच्या अंगणातला जळका ढीग बघितला, ओल्या फळ्या बघितल्या. सगळं न सांगता तिला कळलं. ती आत गेली.

तीन दिवस ती बोलली नाही. गुण्या ताट टेबलाच्या कडेला सरळ लावायचा आणि न जेवता उठायचा. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, ते औषधवाल्याचं दार नवं करायचंय ना?"

"हो."

"झालं की सांगा. तपासायचं आहे मला."

दार झालं. या खेपेला गुण्यानं कपाटाच्या पाठीला, वर आणि खाली, बोट जाईल अशी दोन-दोन भोकं पाडली. औषधवाल्यानं विचारलं, हे कशाला, तर म्हणाला, "औषधांना हवा लागते." त्यानंतरच्या प्रत्येक कपाटाला ती भोकं आहेत. कपड्यांच्या, पुस्तकांच्या, सगळ्या. दुसरे सुतार हसतात.

कपाट दारात आलं. त्यानं भोकांत आतून चिंध्या कोंबल्या, तपासण्यापुरत्या. बायको आली, मागं खुंटी.

"बसा," बायको म्हणाली.

"कोण? मी?"

"मग काय मी? बापाची रीत आहे ना तुमच्या? चालवा की. खडू घ्या."

गुण्यानं आत बघितलं, बाहेर बघितलं. पंक्चरवाला समोरून मान लांब करून बघत होता. "गुण्या, कोन बरोबर करून बस रे!"

सहा फुटी माणूस आत शिरला. गुडघे हनुवटीला लागले, मान वाकली.

"बाबा," खुंटी म्हणाली, "मी विचारेपर्यंत?"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

फस्स. कडी फिरली.

आत काळोख. त्यानं बघितलं, एकही तार चमकत नव्हती. दार उत्तम बसलं होतं. थोड्या वेळानं मानेतून घाम उतरला. बाहेर पावलं वाजली, लांब गेली. बायकोचा आवाज आला, "चल गं, बिस्कीट खाऊन येऊ." मग काहीच नाही. हात चिंध्यांकडं गेला आणि त्यानं तो मागं घेतला. खडू बोटांत ओला झाला. श्वास त्याला स्वतःलाच मोठा ऐकू यायला लागला. किती वेळ झाला असेल? त्यानं मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

दारावर ठोकावं असं त्याच्या फार मनात आलं. पण अजून कुणी विचारलं नव्हतं.